गचके : खानदेशातील गाडीच्या कमानीचा इतिहास

वसंतातल्या व्याख्यानांना येणारा श्रोता संतचरित्र ऐकावे, स्वराज्याचा इतिहास ऐकावा, फार झाले तर एखाद्या ताम्रपटाची हकीकत ऐकावी, अशा अपेक्षेने येतो. त्याच्यापुढे आज आम्ही जुन्या मालगाडीच्या पाट्यांचा विषय मांडणार आहोत, तेव्हा थोडी क्षमा आरंभीच मागून ठेवतो. मात्र ज्याने जुन्या पिकअप गाडीच्या हौद्यात बसून, कापसाच्या किंवा केळीच्या मालाबरोबर, जामनेरहून पहूरपर्यंतचा प्रवास एकदा तरी केला आहे, त्याला या विषयाचे महत्त्व पटवून देण्याची गरज नाही. त्याच्या कमरेला ते केव्हाच पटलेले असते.

माणसाने चाक केव्हा शोधले याची चर्चा आपल्याकडे पुष्कळ होते. पण चाकाबरोबर आलेला जो गचका, त्याचे काय करावे हे माणसाला किती उशिरा सुचले, आणि सुचल्यानंतरही ती सोय कोणाच्या वाट्याला आली व कोणाच्या आली नाही, हा इतिहास फारसा कोणी सांगत नाही. आमच्या मते खानदेशाला तो विशेष लागू आहे, आणि त्याचे पहिले कारण आपल्या पायाखालीच आहे. तापी, वाघूर, कांग यांच्या काठची ही काळी जमीन कापसाला आणि केळीला जितकी उदार, तितकीच रस्त्याला निष्ठुर. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. तिच्यावर घातलेला रस्ता, तो मुरमाचा असो की डांबराचा, काही वर्षांत लाटेसारखा वरखाली होतो. ठेकेदाराला दोष देण्याची आपल्याला सवय आहे, आणि पुष्कळदा तो योग्यही असेल. पण त्याच्याखालच्या मातीचाही त्यात वाटा आहे हे विसरू नये.

पूर्वी या मातीला उत्तर होते ते बैलाच्या पाठीचे. खानदेश-वऱ्हाडचा कापूस लमाणांच्या तांड्यांतून, गोण्या लादलेल्या बैलांच्या पाठीवरून, घाट उतरून खाली जात असे. या वाहतुकीला आज आपण मागासलेली म्हणतो. ती संथ होती, महाग होती, पावसात भिजून मालाची नासाडी होई, हे सारे खरे. पण गचक्याच्या दृष्टीने पाहिले तर बैलाच्या चार पायांइतकी उत्तम कमान अजून कोणत्याही कारखान्याने काढलेली नाही. प्रत्येक पाय खड्डा पाहून वेगळा वाकतो आणि पाठ जवळपास समपातळीत राहते. पुढे मोटारीच्या शास्त्राने ‘स्वतंत्र चाके’ म्हणून जे मोठ्या अभिमानाने मिरवले, ते लमाणाच्या बैलाजवळ जन्मजात होते.

गाड्या होत्या, पण कशा? दक्षिणेतल्या जुन्या गाड्यांची चाके कित्येक ठिकाणी दगडाच्या एकाच चकतीची किंवा जाड लाकडाची असत. १८३६ च्या सुमारास सोलापूर भागात टेंभुर्णी येथे लेफ्टनंट गेस्फर्ड या अधिकाऱ्याने सुधारलेल्या गाड्या बनविण्याचा उद्योग सुरू केला. आऱ्यांची हलकी चाके, त्यांच्यावर लोखंडी धाव, किंमत शेतकऱ्याला झेपेल अशी. आज आपण जिला ‘आपली पारंपरिक बैलगाडी’ म्हणून जत्रेत सजवतो, तिच्या घडणीत अशा सुधारणेचा बराच भाग आहे. परंपरा पुष्कळदा आपल्याला वाटते त्यापेक्षा तरुण असते.

ही सुधारणा कशासाठी झाली, ते पाहण्यासारखे आहे. ती अधिक माल वाहण्यासाठी झाली. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालले, तिकडचा कापूस विलायतेला जाईनासा झाला आणि खानदेशच्या कापसाला भाव चढला. त्याच चारपाच वर्षांत आगगाडी चाळीसगाव, पाचोरा, जळगाव करीत भुसावळला पोहोचली. शेतातून स्टेशनापर्यंत माल नेणे हे आता बैलगाडीचे काम झाले. पुढे १९१८-१९ च्या सुमारास पाचोऱ्याहून शेंदुर्णी, पहूरवरून जामनेरपर्यंत अरुंद रुळांची छोटी गाडी आली. छप्पन्न किलोमीटरांची ही ‘पीजे’ २०२० च्या टाळेबंदीत थांबेपर्यंत शंभर वर्षे धावली. तिच्या सावकाशीवर विनोद करणारे पुष्कळ असत, पण तिच्या डब्याखाली कमानी होत्या आणि स्टेशनावर माल आणणाऱ्या बैलगाडीखाली नव्हत्या.

बैलगाडीला कमान नव्हती ती लोहाराला येत नव्हती म्हणून नव्हे. धाव चढविण्याचे दृश्य ज्यांनी पाहिले असेल त्यांना लोहाराच्या हिकमतीविषयी सांगायला नको. गोवऱ्यांच्या आरात लोखंडी कडे लाल करायचे, ते फुगले की चिमट्यांनी उचलून चाकावर बसवायचे, आणि लगेच पाणी ओतायचे. कडे आक्रसते, आरे नि पुठ्ठे एकमेकांत करकचून बसतात, चाक एकजीव होते. असा कारागीर कमानही वाकवू शकला असता, आणि वाकवीतही होता. टांग्याला कमानी असत. सुखवस्तू घरच्या दमणीत गादी-लोड आणि ऐपत असेल तर कमानीही असत. म्हणजे माणूस मानाने बसला तर त्याला कमान. माल असला, किंवा मालावर माणूस बसला, तर त्याला नुसता कणा. हा भेद आम्ही लक्षात ठेवायला सांगतो, कारण तो पुढे मोटारीच्या काळातही आपली पाठ सोडीत नाही.

विलायतेत घोड्यांच्या गाड्यांत कातडी पट्ट्यांवर पेटी टांगण्याची पद्धत जुनी होती. पोलादी पाटे एकावर एक ठेवून केलेली कमानही अठराव्या शतकात चालू झाली होती. पण १८०४ साली ओबाडाया एलियट या लंडनच्या गाडीकाराने दोन कमानी तोंडाला तोंड लावून केलेल्या लंबगोल कमानीचे पेटंट घेतले. मधला जड लाकडी कणा काढून टाकून गाडीची पेटी सरळ या कमानींवर बसविता येऊ लागली. गाडी मऊ झाली आणि हलकीही झाली. सुधारणा म्हणजे काहीतरी वाढविणे, असे आपण समजतो. एलियटने वजन काढून टाकून सुधारणा केली.

आता पाट्यांची ही चळत काम कसे करते, हे थोडक्यात सांगणे भाग आहे. सर्वांत लांब तो मेन पाटा. त्याच्या दोन्ही टोकांना वळवून डोळे केलेले असतात. एक डोळा गाडीच्या सांगाड्याला पिनेने पक्का, दुसरा एका झुलत्या दुव्याला, ज्याला गॅरेजात शॅकल म्हणतात. पाटा दबला की सरळ होतो, सरळ झाला की लांब होतो, आणि ती लांबी सामावून घ्यायला शॅकल झुलते. मेन पाट्याखाली क्रमाने आखूड होत जाणारे पाटे असतात, म्हणजे मध्यभागी जिथे ताण जास्त तिथे जाडी जास्त. ही सारी चळत यू-बोल्टांनी अॅक्सलला आवळलेली असते. इतक्या साध्या वस्तूकडून तीन कामे होतात. ती वजन पेलते, ती गचका गिळते, आणि ती अॅक्सलला जागच्या जागी धरून ठेवते. शिवाय एक चौथे काम चोरून होते. पाटे दबताना एकमेकांवर घासतात आणि त्या घासण्याने गाडीचे डोलणे लवकर थांबते. पाटे गंजले की ही घासण इतकी वाढते की छोट्या गचक्याला चळत हलतच नाही. कमान असून नसल्यासारखी होते.

कमान किती मऊ असावी याचे गणित फार अवघड नाही. रॉबर्ट हूकने १६७८ साली सांगून ठेवले की जितका भार, तितके वाकणे. त्यावरून निघते असे की उभ्या गाडीच्या वजनाने कमान जितकी दबते, त्यावर गाडीच्या डोलण्याचा वेग ठरतो. कमान पंचवीस सेंटीमीटर दबली तर गाडी सेकंदाला एकदा डोलेल. सव्वासहा सेंटीमीटर दबली तर दोनदा. अडीच सेंटीमीटरच दबली तर तीनदा. माणसाच्या शरीराला सेकंदाला एक-दीड हेलकावा मानवतो. तीन हेलकाव्यांना आपण हेलकावा म्हणत नाही, हादरा म्हणतो.

मोटारगाडी आली ती घोडागाडीचे पाटे घेऊनच आली. पण वेग वाढला आणि पाट्यांची आपसांतली घासण पुरेना. म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभी डोलणे थांबविणारी वेगळी यंत्रे निघाली. प्रथम चकत्या घासणारी, मग तेल बारीक छिद्रांतून दाबणारी. गॅरेजातला ‘शॉकअप’ तो हाच. त्याच्याविषयी एक गैरसमज सार्वत्रिक आहे. शॉकअप वजन पेलत नाही. वजन पाटेच पेलतात; शॉकअप फक्त पाट्यांनी घेतलेली उसळी जिरवून टाकतो.

या शास्त्राला खरी शिस्त लावली ती मॉरिस ऑली या इंग्रज अभियंत्याने, अमेरिकेत, १९३० नंतर. कॅडिलॅकच्या कारखान्यात त्याने एक लांब गाडी घेतली, तिच्यावर इकडेतिकडे सरकविता येतील अशी वजने बसविली, आणि रस्त्यावर नेऊन पाहिली. त्याच्या आधी सर्वांची समजूत अशी की पुढच्या कमानी कडक हव्यात, कारण सुकाणू त्या चाकांवर. ऑलीला उलट आढळले. पुढची कमान मागचीपेक्षा मऊ हवी. कारण उंचवटा पुढच्या चाकांना आधी लागतो, मागच्यांना क्षणभर उशिरा. मागची बाजू थोडी वेगाने डोलली तर ती पुढचीला गाठते आणि गाडी झोपाळ्यासारखी पुढेमागे न डुलता एका पातळीत वरखाली होते. १९३४ च्या अमेरिकन गाड्यांत पुढची चाके स्वतंत्र झाली ती या प्रयोगांमागोमाग. हे सारे प्रवासी गाडीसाठी झाले, हे सांगायला नकोच. मालाच्या गाडीला घोडागाडीचे पाटे तसेच राहिले.

आपल्याकडे दुसऱ्या महायुद्धानंतर फौजेच्या जीपा आणि ट्रक लिलावात निघाले. १९४७ नंतर मुंबईत माझगावला विलीज जीप जुळविली जाऊ लागली, कुर्ल्याला वालचंद हिराचंदांच्या कारखान्यातून डॉज आणि फार्गो ट्रक बाहेर पडू लागले, आणि १९५४ पासून जमशेदपूरचे टाटा-मर्सिडीज ट्रक रस्त्यावर आले. जीपचे चारही कोपरे पाट्यांवर, पुढचा अॅक्सलही अखंड. फौजेने ती चिखलात न अडकण्यासाठी मागितली होती. बसणाऱ्याच्या मणक्याची चौकशी त्या मागणीपत्रकात नसावी. याच वंशातून आपली पिकअप गाडी आली. पुढे १९८६ मध्ये टाटांची ४०७ आली, २००५ मध्ये ‘छोटा हत्ती’ आला, महिंद्रांच्या पिकअप गाड्या गावोगाव झाल्या. आज बाजाराच्या दिवशी जामनेरात पाहावे तर बैलगाडीची जागा जवळजवळ संपूर्णपणे या गाड्यांनी घेतली आहे. मधल्या काळात बंगळूरचे प्राध्यापक एन. एस. रामस्वामी यांनी बैलगाडी सुधारण्यासाठी, बैलाच्या मानेवरचा भार कमी करण्यासाठी मोठी खटपट केली. आपल्याकडे रबरी चाकांची ‘डनलॉप’ गाडीही आली. हवेचे टायर हीसुद्धा एक कमानच, आणि बैलगाडीच्या वाट्याला आलेली बहुधा पहिलीच. पण तोवर माल मोटारीवर चढला होता.

पिकअप गाडीचे दुखणे तिच्या धंद्यातच आहे. प्रवासी गाडीत एक माणूस बसला काय आणि पाच बसले काय, वजनात फार फरक नाही. पिकअपच्या मागच्या कमानीवर रिकाम्या वेळी जे वजन, त्याच्या तिप्पट भरल्यावर. समजा रिकामी असताना कमान अडीच सेंटीमीटर दबली, तर ती सेकंदाला तीनदा हादरेल. भरल्यावर साडेसात सेंटीमीटर दबेल आणि हादरे दोहोंच्या आत येतील. म्हणजे गाडी भरलेली असताना बरी, रिकामी असताना वाईट. कारखानदार यावर उपाय म्हणून वर एक वेगळी ‘हेल्पर’ पाट्यांची चळत ठेवतात; ती भार आल्यावरच टेकते आणि मग मदत करते. अलीकडे मध्ये जाड नि टोकांकडे निमुळते असे मोजकेच पाटे वापरण्याची रीतही आली आहे, त्यात घासण कमी. ही तडजोड शहाणपणाची आहे. ती मोडायला एकच गोष्ट पुरते : गॅरेजात जाऊन ‘अजून दोन पाटे टाका’ असे सांगणे.

हे आम्ही दुसऱ्यांविषयी बोलत नाही. काही वर्षांपूर्वी घरच्या शेतीसाठी एक जुनी पिकअप घेतली, तेव्हा भरल्यावर ती मागे बसते म्हणून आम्हीही असेच दोन पाटे टाकून घेतले. पाटे तुटणे थांबले आणि गाडी ताठ उभी राहू लागली. चार दिवस आनंद वाटला. मग एका सकाळी जळगावहून रिकामी परतताना, वळणावर रस्त्याच्या लाटा लागल्या आणि गाडीची मागची बाजू बेडकासारखी उड्या मारीत बाहेरच्या कडेला सरकू लागली. सुकाणू आमच्या हातात होते, पण गाडी आमच्या हातात नव्हती. शेजारच्या पऱ्हाटीत जाऊन थांबलो. इजा कोणालाच झाली नाही. हौद्यात माणसे नव्हती, एवढेच त्याचे कारण.

गाडी ज्यांच्याकडे नेली ते मिस्त्री वयाने फार मोठे. त्यांचे वडील चाकांना धावा चढवीत. मुलाने मोटारीचे पाटे हाती घेतले. गावात त्यांना सगळेच बाबा म्हणतात, आम्हीही. बाबांनी आधी गाडीला हत्यार लावलेच नाही. मागचा टायर पाहिला. त्याच्यावर वाटीसारखे खळगे पडावेत अशी झीज होती. म्हणाले, “भाऊ, हे चाक रस्त्यावर चाललेलं नाही, नाचलेलं आहे.” मग हौद्याचा कोपरा दाबून सोडला, रिकाम्या गाडीचा कोपरा मुळी दबलाच नाही. पुढचा कोपरा दाबला तर तो तीन-चार वेळा डोलत राहिला. म्हणजे मागे कमान उरली नव्हती आणि पुढे शॉकअप उरला नव्हता.

त्यांनी काय केले ते क्रमाने सांगावेसे वाटते, कारण सारे शास्त्र त्या क्रमात आहे. आमचे दोन पाटे प्रथम काढून टाकले. उरलेली चळत सोडवून प्रत्येक पाटा तारेच्या ब्रशाने घासला, गंज काढला, ग्रॅफाइटचे वंगण लावले. एका पाट्याला केसासारखी चीर होती, तो बदलला. बसलेल्या पाट्यांना पुन्हा बाक दिला, मात्र मूळ मापाइतकाच. आम्ही म्हटले, “बाबा, थोडा जास्त द्या, गाडी उंच राहील.” ते हसले नाहीत, रागावले. कारण त्यांनी पुढच्या चाकाशी बसून दाखविले. सुकाणूच्या पेटीकडून चाकाकडे जाणारा एक दांडा असतो. चाक वर उचलले की ते कमानीबरोबर एका वर्तुळाच्या वाटेने फिरते आणि दांड्याचे टोक दुसऱ्या वर्तुळाच्या वाटेने. कारखान्यात या दोन वाटा जमवून ठेवलेल्या असतात. कमान उंच केली की दांडा तिरपा होतो, वाटा जमत नाहीत, आणि खड्ड्यात चाक गेले की सुकाणू न हलविता चाक आपोआप वळते. ड्रायव्हरला वाटते रस्ता ओढतो आहे. आम्ही पंधरा वर्षे गाडी चालविली होती आणि हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते.

मग शॅकलच्या पिना आणि रबरी बुश नवे झाले. बुशांचे बोल्ट मात्र बाबांनी गाडी जॅकवर असताना आवळले नाहीत. चाके जमिनीवर टेकून वजन आल्यावर आवळले. अधांतरी आवळले तर वजन येताच रबर पिळला जातो आणि महिन्यात फाटतो. यू-बोल्टही तसेच, आणि शे-दोनशे किलोमीटरनंतर पुन्हा एकदा आवळायला येण्याची ताकीद. पुढचे चाक वरखाली धरून हलविले, किंगपिनला खेळ निघाला, ती बदलली. चारी शॉकअप नवे घेतले. चाकांच्या रेषा जमवून घेतल्या. शेवटी टायरमधली हवा कमी केली, कारण आम्ही रिकाम्या गाडीतही भरल्या गाडीचीच हवा ठेवीत होतो. यात विलायती असे काही नाही. गाडी जशी बनली होती तशी ती पुन्हा झाली, इतकेच.

त्याच वळणावरून रिकामी गाडी आता शांतपणे जाते. पण याची किंमत आम्ही लपवीत नाही. पूर्वी एका खेपेत जेवढी केळी जात, तेवढ्याला आता दोन खेपा लागतात. डिझेल जास्त, ड्रायव्हरचा वेळ जास्त. ज्याचे घर भाड्याच्या गाडीवर चालते त्याला हा हिशेब आमच्यासारखा सोसेल असे नाही, आणि दोन पाटे वाढविणाऱ्या त्या माणसाला मूर्ख म्हणण्याचा अधिकार आम्हाला नाही. भाव देणारा खेपेवर भाव देतो, तेव्हा पाटे वाढतात. कायद्याने हे बंद आहे. मोटार वाहन कायदा १९८८ याच्या बावन्नाव्या कलमाप्रमाणे गाडीच्या मूळ घडणीत असा फेरफार करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा माल भरल्यास वीस हजार रुपये दंड, शिवाय दर जादा टनामागे दोन हजार. पण चळतीत पाटे किती आहेत हे वाटेत थांबवून मोजणारा आम्ही अजून पाहिलेला नाही.

मालाचेही ऐका. केळी पाट्यांच्या गाडीत जी काळी पडते ती बहुधा मोठ्या खड्ड्याने नव्हे, तर तासन् तास चाललेल्या बारीक हादऱ्याने. पोलादी पाट्यांच्या ट्रकाचा मुख्य हादरा सेकंदाला तीन-चारच्या घरात असतो, आणि रचलेल्या मालाचा सर्वांत वरचा थर त्या हादऱ्यात सर्वाधिक नाचतो. म्हणून हवेच्या कमानी असलेल्या गाड्यांत फळ कमी खराब होते, आणि परदेशी जाणारा माल अशा गाड्या मागतो. जो शेतकरी दोन पाटे टाकून खेप वाचवितो, त्याचा काही भाग व्यापारी डागाच्या नावाखाली परत कापून घेतो.

आणि वरच्या थरावर केळीच असतात असे नाही. तोडणीचे मजूर मालावर बसून घरी परततात. त्या वेळी गाडीचा तोल काय होतो? गाडी वळणावर केव्हा उलटेल हे दोन मापांवर असते : दोन चाकांमधील अंतराचा निम्मा भाग, आणि एकूण वजनाच्या मध्याची उंची. समजा निम्मे अंतर पासष्ट सेंटीमीटर आहे आणि रिकाम्या गाडीचा मध्यही पासष्टवर आहे. माल आणि माणसे चढली, कमान उंच केली, आणि तो मध्य एकशे दहावर गेला. आता पूर्वीच्या सहा-दशांशाहूनही कमी धक्क्यात गाडी आडवी होईल. फेब्रुवारी २०२१ मध्ये यावल तालुक्यात किनगावजवळ पपई भरलेला ट्रक रात्री उलटला आणि मालावर बसून घरी निघालेले रावेरकडचे पंधरा मजूर दगावले. त्या अपघाताचा दोष आम्ही पाट्यांवर लादत नाही. पण मालाबरोबर बसणाऱ्या माणसाला माल समजण्याची जी रीत बिनकमानीच्या बैलगाडीपासून चालत आली, ती अजून संपलेली नाही, एवढे त्यावरून दिसते. आमच्या गाडीत मजूर मालावर बसणार नाहीत, ते दुसऱ्या खेपेत हौद्याच्या तळाशी बसतील, असे आम्ही त्यानंतर ठरविले. तेही कायद्याला धरून नाही, हे आम्ही जाणतो. शेतापासून गावापर्यंत त्या वेळी एस.टी. नसते.

बाबांकडे परवा पुन्हा गेलो होतो. आमचे ते दोन जादा पाटे किती दिवस त्यांच्या भात्याशेजारी भिंतीला टेकून उभे होते. आता एकच होता. दुसऱ्याचे काय केले, असे विचारले. पोलाद चांगले होते, म्हणाले. नेरीकडच्या एका शेतकऱ्याला वखराची पास करून दिली.